फिकं दूध

"कुणाला बोलू नका हं, ताई. पोरीची जात आहे."

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते. बोलत होत्या त्या वॉर्डातल्या मावशी, सकाळी चादरी बदलायला येणाऱ्या. ऐकत होती माझी आई. तिनं काय उत्तर दिलं ते कळलं नाही. मग बादली सरकवल्याचा आवाज आला आणि मावशी पुढच्या खाटेकडे गेल्या.

त्या वाईट बाई नव्हत्या. आदल्या दिवशी मी उलट्या करत होते तेव्हा त्यांनीच माझे केस मागे धरले होते. आपण एका आईला शहाणपणाचं काहीतरी सांगतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि आईनं ते ऐकलं. पुढचं बरंचसं त्या एका वाक्यातून निघालं.

मला टाइप वन डायबिटीस आहे. हे लिहायला मला फारसा वेळ लागला नाही, बोलायला फार लागला. ज्यांना हे नुकतंच कळलंय, त्यातही ज्या मुलींना "कुणाला सांगू नकोस" असं बजावलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं डॉक्टर सांगतीलच. मी दुधाचं सांगणार आहे.

मशीन 'हाय' म्हणालं

आम्ही लोणावळ्यात राहतो. पप्पा मुंबईकरांचे बंगले सांभाळतात. म्हणजे मालक नसताना चाव्या, माळी आणि पाण्याची मोटर, आणि मालक आले की सगळंच. मी भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात बुकिंगच्या मेल्सना उत्तरं देते. कुणाशी समोरासमोर बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडतं.

त्या उन्हाळ्यात मला तहान लागायला लागली. नेहमीची नव्हे, पाणी पितानाच पुढच्या पाण्याची आठवण यावी अशी. जीन्स सैल झाली. हॉटेलातल्या मुली म्हणाल्या, "काय गं, कुठलं डाएट? आम्हालाही सांग." आयुष्यात पहिल्यांदा मी बारीक दिसत होते आणि लोक माझं कौतुक करत होते, त्यामुळे काही बिघडलंय असं मलाही वाटलं नाही. एका सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि श्वास पळायला लागला, तेव्हा पप्पांनी एका मालकाची गाडी काढली आणि मला तळेगावला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी माझं बोट टोचून रक्ताचा थेंब त्या छोट्या मशीनला लावला. आकडा आलाच नाही. पडद्यावर इंग्रजीत 'हाय' अशी दोन अक्षरं आली. मला वाटलं, मशीन सुरू होताना नमस्कार करत असेल. मशीनला मोजता येणार नाही इतकी साखर रक्तात असली की ते असं लिहितं, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर तरुण होते. माझ्याशी ते इंग्रजीत बोलले आणि इंग्रजीत मला सगळं नीट समजलं. शरीरात इन्सुलिन बनायचं थांबलंय. गोड खाण्यामुळे नाही. कुणाच्या चुकीमुळे नाही.

पप्पा म्हणाले, "म्हणजे शुगरच ना? माझ्या मोठ्या भावाला आहे. तो सकाळी एक गोळी घेतो."

"गोळी नाही चालणार. इंजेक्शन. प्रत्येक जेवणाआधी."

आईनं विचारलं, "किती दिवस?"

डॉक्टरांनी उत्तर देताना आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "कायम," म्हणाले.

आईनं तिच्या पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. आत काही शोधत नव्हती.

कुठलं बोट?

हॉस्पिटलचे दिवस बोटांवर गेले. सकाळी टोचायचं, जेवणाआधी टोचायचं, जेवणानंतर टोचायचं. एक नर्स होती, केरळची असावी, मराठी मोडकंतोडकं बोलायची. बाकीच्या आल्या की सरळ हात ओढायच्या. ही दरवेळी विचारायची, "कुठला बोट?" आणि मी निवडेपर्यंत थांबायची. त्या आठवड्यात माझ्या हातात असलेला तेवढाच एक निर्णय होता. मी फार विचार करून करंगळी पुढे करायचे.

शेवटच्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी पिशवीतून स्टीलचा एक पेला काढून खाटेवर ठेवला.

"दूध आवडतं?"

"हो."

"मग बंद करायचं नाही. पण एक लक्षात ठेव. दुधात त्याची स्वतःची साखर असते. वरून चमचाभरही घातली नाहीस तरी असते. हा पेलाभर दूध प्यायलीस तर अर्धी पोळी खाल्ली असं समज आणि त्या हिशेबानं इन्सुलिन घे. साय काढलेलं, पातळ दूध घे. आणि मोजून घे."

मी मान हलवली. त्या वेळी आई खाली औषधं आणायला गेली होती. हे वाक्य आमच्या घरात फक्त मी ऐकलं.

सायीचा थर

परंदवडीला माझे मामा राहतात. तिथल्याच एका कंपनीत शिफ्टला जातात आणि घरी दोन म्हशी आहेत. माझ्या जन्मापासून दर रविवारी मामा किंवा त्यांच्याकडचं कुणीतरी आमच्याकडे आठवडाभर पुरेल एवढ्या दुधाचं कॅन घेऊन येतं. पिशवीचं दूध आमच्या घरात पाहुण्यांच्या चहालासुद्धा लागलं नाही. "आमची पोरं भावाच्या दुधावर वाढली," असं आई सगळ्यांना सांगते. पोरं म्हणजे मी एकटीच.

मामाकडे मला 'म्याडम' म्हणतात. लहानपणी मी तिथं गेले की मामेबहीण पूजा आणि तिच्या मैत्रिणी मला मराठीत एकोणसत्तर म्हणायला लावायच्या आणि माझं चुकलं की हसत सुटायच्या. द्वेष नव्हता त्यात. पण मी हळूहळू तिथं बोलणंच कमी केलं. न बोलणाऱ्या माणसाला गावात दोनच नावं असतात, गरीब किंवा गर्विष्ठ. मी इंग्रजी शाळेत जात होते, त्यामुळे माझं कुठलं ते ठरलेलं होतं.

मी घरी आले त्या रविवारी मामा-मामी दोघंही भेटायला आले. आईनं चहा ठेवता ठेवता सांगितलं, "अशक्तपणा आलाय तिला. डॉक्टरांनी गोड बंद केलंय." इंजेक्शनांची पिशवी तिनं आधीच कपाटात ठेवली होती.

मामी म्हणाली, "येवढंच ना? मग दूध दे तिला दोन टाइम. फिकं दे. फिक्या दुधाला काय हुतंय?"

आता, माझ्यासाठी फिकं म्हणजे रंग. फिका निळा, फिका गुलाबी. मला वाटलं, मामी पातळ दुधाबद्दल बोलतेय, आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या तशा. कुणीतरी समजून घेतलं म्हणून मला एकदम बरं वाटलं. मी म्हणाले, "हो मामी, मला फिकंच हवं."

"बगा!" मामी मामांकडे वळली. "म्याडम बोलली!"

मग तिनं स्वतः उठून मला दूध दिलं. घरातला सगळ्यांत मोठा पेला, वर बोटभर सायीचा थर. साखर घातली नव्हती. फिकं म्हणजे बिनसाखरेचं, हे मला त्या पेल्यातून कळलं. ती समोर बसून मी शेवटचा घोट घेईपर्यंत बघत होती. मी प्यायले. मला हसायचं होतं, पण कुणाबरोबर हसायचं ते कळेना.

त्या दिवसापासून आई मला सकाळ-संध्याकाळ तो पेला देऊ लागली.

चिक्कीचा डबा

आकडे खाली येईनात. जेवण मोजून, इंजेक्शन वेळेवर, तरी संध्याकाळचं बोट टोचलं की मशीनवर नको ते दिसायचं. पप्पा माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि बाहेर जायचे.

बंगल्यांत येणारे पाहुणे जाताना अर्धवट उघडलेले चिक्कीचे डबे टाकून जातात. पप्पा ते घरी आणतात. लोणावळ्यात राहून चिक्की विकत घेणारं आमचं घर नाही. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातला डबा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पप्पा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"तन्वी, खरं सांग. मी रागावणार नाही."

"काय?"

"काय खातेस मध्ये? हॉटेलात कुणी केक वगैरे देतं का?"

"नाही, पप्पा."

"मग कशानं वाढतेय?"

ते खरंच रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मला आणखी वाईट वाटली. मला म्हणायचं होतं, मीही घाबरले आहे. मी म्हणाले, "माहीत नाही." ते ऐकून त्यांची खात्रीच झाली असावी, कारण त्यानंतर घरात बिस्किटंही दिसेनाशी झाली.

त्या रात्री मला आहारतज्ज्ञ बाईंचं विसरलेलं वाक्य आठवलं आणि मी दुधाचा पेला मोजून पाहिला. त्यांच्या पेल्यात मावतं त्याच्या दुप्पट दूध आमच्या पेल्यात मावत होतं. दोन वेळचं धरलं तर मी रोज दोन पोळ्या जास्तीच्या खात होते, इंजेक्शनाशिवाय.

मी आईला सांगायला गेले. ती कणीक मळत होती.

"आई, दुधात साखर असते."

"कुणी घातली?"

"कुणी नाही. असतेच."

"असतेच म्हणजे?"

"लॅक्टोज. म्हणजे दुधातच ती..." पुढचा शब्द मला मराठीत येईना.

आईनं हात थांबवले. "माझा भाऊ दुधात साखर घालतो?"

मला काही कळेना, ती कशाबद्दल बोलतेय. काही लोक दुधात पाणी घालतात आणि मग डेअरीच्या मशीनला ते पाणी कळू नये म्हणून साखर घालतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, ती त्याच गावात वाढली होती. दूधवाल्याच्या घरात 'दुधात साखर आहे' या वाक्याचा एकच अर्थ होतो, आणि तो अर्थ शिवी आहे.

"आई, तसं नाही..."

"मग कसं? चोवीस वर्षं पाजलं त्यानं तुला. आणि आज म्हणे साखर आहे!"

दोन दिवसांनी तिचा राग उतरला. तिनं आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला, खात्री करून घेतली, आणि पेला छोटा केला. आकडे खाली आले. पण मधल्या काळात फोनवर बोलताना तिनं हसत हसत मामीला सांगून टाकलं होतं, "आमची बाई म्हणते, तुमच्या दुधात साखर आहे."

मामी हसली नाही. त्या रविवारी कॅन आलं नाही. पुढच्याही नाही.

खरं काय ते आईनं मामीला सांगायला हवं होतं. पण मग इन्सुलिनचं सांगावं लागलं असतं. पूजाचं लग्न ठरत होतं, सोयरीक मोठी होती, घरात सारखी माणसं येत-जात होती. मामीला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. आईनं भावाचं दूध जाऊ दिलं आणि माझा आजार झाकून ठेवला. रोज सकाळी ती विकतच्या दुधाची पिशवी कापायची तेव्हा कात्री नीट चालायची नाही आणि ती कात्रीला बोलायची.

आज कुठला उपवास?

हॉटेलात मी चादरी-टॉवेल ठेवतात त्या खोलीत जाऊन इंजेक्शन घ्यायचे. धुतलेल्या कापडांचा गरम वास, वर एक छोटी खिडकी. पावसाळ्यात शनिवारी भुशीकडे जाणाऱ्या गाड्या थेट आमच्या दारापर्यंत खोळंबायच्या. खिडकीतून त्यातली माणसं दिसायची, गाडीतच गाणी लावून नाचणारी, भिजलेली. मी टी-शर्ट जरा वर करून पोटात सुई टोचायचे आणि मनात दहापर्यंत आकडे म्हणायचे.

मुली वडापाव मागवायच्या. माझी वेळ जमायची नाही. कारण काय सांगायचं ते न कळून एकदा मी म्हणाले, "उपवास आहे." ते सोपं निघालं, म्हणून पुन्हा म्हणाले. मग ते माझं नावच पडलं.

"आज कुठला उपवास, तन्वी?"

"हिला सगळ्यांच्या आधी नवरा मिळणार बघ."

"मिळेल गं, पण पहिल्याच दिवशी म्हणेल, मला जेवायला कोण देणार?"

मी हसायचे. त्यांनी मला बोलवायचं थांबवलं तेव्हा मला सुटल्यासारखंही वाटलं आणि दुपारभर की-बोर्डवर बोटं नुसती ठेवून बसले, असंही झालं.

घरी आरशासमोर मी वाक्य म्हणून पाहायचे. इंग्रजीत ते सहज यायचं. मराठीत 'मला साखर आहे' म्हटलं की किराणा आणल्यासारखं वाटायचं. 'मला मधुमेह आहे' हे धड्यातलं वाक्य वाटायचं, खाली प्रश्न असतील असं. 'शुगर आहे' हे काकांच्या वयाच्या माणसांनी पार्कात म्हणायचं. माझ्या तोंडात बसेल असं एकही वाक्य मला सापडलं नाही.

पंगत

पूजाचा साखरपुडा दिवाळीनंतर परंदवडीला होता. निघताना आई माझ्या साडीच्या निऱ्या धरून खाली बसली होती. तिथूनच म्हणाली, "नवऱ्या मुलाच्या आत्या आहेत ना, त्यांनी तुझ्याबद्दल विचारलंय. त्यांच्या दिराचा मुलगा आहे. आज काही बोलू नकोस. फक्त आज."

"आई, त्यांना कधीतरी..."

"कधीतरी सांगू. आधी बघू तर देत त्यांना तुला."

ती निऱ्या इतक्या जपून खोचत होती की मी पोट आत घेऊन सरळ उभी राहिले.

मामाच्या घरासमोर मांडव होता. मामी दारात भेटली. आईला मिठी मारली, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या म्याडम. आमच्या हितलं पानी तरी चालंल का?" शेजारच्या दोघी हसल्या. मीही हसले.

अंगठ्या झाल्या. नवऱ्याकडच्यांनी आणलेला पुडा पूजाच्या ओटीत दिला. आत्यांनी तो स्वतः सजवला होता. जरीच्या कागदाचा उंच निमुळता पुडा, वर मोत्यांची माळ. "आत पेढे नाहीत हं," त्या सगळ्यांना सांगत होत्या, "साखरच आहे. जुन्या पद्धतीनं." फोटो झाल्यावर पूजानं तो आतल्या खोलीत देवापुढं नेऊन ठेवला.

मग माइकवरून पुकारा झाला, "पाहुणे मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं, पानं वाढलेली आहेत!"

आईनं मला खूण केली. आम्ही आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं, मी इंजेक्शन घेतलं. आईनं माझी पिशवी मामीच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. इंजेक्शन घेतल्यावर जेवण लांबलं तर रक्तातली साखर एकदम उतरते, तेव्हा लगेच खायच्या ग्लुकोजच्या गोळ्याही त्याच पिशवीत होत्या. हे वाचणाऱ्या मुलींना एवढंच सांगते, ती पिशवी कुणाच्याही कपाटात जाऊ देऊ नका. साडीला खिसा नसतो, तर शिवून घ्या.

मी पंगतीत बसले. पानात मीठ, लिंबाची फोड आणि लोणचं होतं. वाढपी भाताचं घमेलं घेऊन ओळीच्या टोकाला आले होते. तेवढ्यात रस्त्यावर गाड्यांची दारं वाजली आणि माइकवरचा माणूस ओरडला, "थांबा, थांबा मंडळी! भाऊ आलेत!"

मावळातल्या कार्यक्रमांत न गेलेल्यांना हे सांगून पटणार नाही. एक पुढारी आला की त्याचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. त्याचा झाला की त्याच्याबरोबर आलेल्यांचा. त्यांचा झाला की आधीपासून बसलेल्यांचा, नाहीतर ते रुसतात. तोवर पंगतीत वाढायचं नाही, भाऊंचा मान असतो. वाढप्यांनी घमेली खाली ठेवली आणि ते फेटे बघायला गेले.

"यांचं हुईस्तवर पुढच्या पिढीचा साखरपुडा हुईल," माझ्या शेजारची बाई म्हणाली.

आधी बोटांची टोकं झिणझिणली. मग ओठ. मग पाठीवर घाम आला, थंड. मी लिंबाच्या फोडीकडे पाहत होते आणि ती जवळ-लांब होत होती. आई मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आत्यांबरोबर उभी होती. हाक मारायची तर शंभर माणसांवरून मारावी लागली असती. वाढप्याला म्हणायचं, दादा, थोडा भात द्या, तर सत्काराच्या आधी जेवणारी पोरगी म्हणून गावभर झालं असतं. मला हेही आठवतंय की तेव्हाही मी हाच विचार करत होते.

मी उठले आणि भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले. कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. मग पाय राहिले नाहीत आणि मी देवापुढंच खाली बसले.

मामी कशालातरी आत आली. "काय गं, हितं काय बसलीस? अगं... वं, पोरगी पांढरी फटक पडलीया!"

तिच्या आवाजानं बायका जमा झाल्या. "कांदा हुंगवा." "दृष्ट लागली आसंल, लय नटलीया." "उपाशी हाय वाटतं." "आमीबी उपाशीच हाय की, आमी न्हाई पडलो!" दारात आत्या दिसल्या आणि त्यांच्या मागे आई. आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला सगळं कळलंय. तिचा हात कमरेच्या किल्लीवर गेला होता आणि तिथंच राहिला होता. सगळ्यांसमोर ते कपाट उघडायचं, ती पिशवी काढायची. ती माझ्याकडे बघत होती. विचारत होती.

मामी स्वयंपाकघरातून धावत आली. हातात तसलाच मोठा पेला. माझ्या मागे बसून तिनं मला छातीशी टेकवलं आणि पेला ओठाला लावला.

"पी. आपल्याच म्हशीचं हाय, आत्ता तापवलंय." मग खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "फिकं हाय गं बाय. साखरेचा कनबी न्हाई. देवाशपत न्हाई."

इतके महिने ते तिच्या मनात होतं. मी तिच्या दुधाला खोटं ठरवलं होतं, आणि तरी ती मला जपून, माझ्याच पथ्याचं, बिनसाखरेचं दूध पाजत होती. सायीच्या दुधातली साखर अंगात उतरायला वेळ लागतो. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं, मला आणि आईला, आणि आमच्यापैकी कुणीच बोलत नव्हतं.

समोर पाटावर तो जरीचा पुडा होता. त्याच्या वरच्या मोत्यांच्या एका माळेच्या मला दोन दिसत होत्या. आत्या पुढे येऊन माझ्यावर वाकल्या. "काय होतंय तुला, बाळ?"

जीभ जड झाली होती. शब्द कुठल्या भाषेतले येतील ते मला माहीत नव्हतं. मी मामीचं मनगट धरलं, पेला खाली केला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठ्यानं म्हणाले,

"मामी, तुमचं दूध खरं आहे. मला डायबिटीस आहे, मी रोज इंजेक्शन घेते. तो पुडा फोडा आणि त्यातली साखर ह्यात घाला. मूठभर घाला."